नारिंगी टर्बो आणि नवं दावं

वाटीभर पेट्रोल वाचवण्यासाठी मी एका दुर्मीळ गाडीचं इंजिन घाटाच्या उतारावर बंद केलं आणि तिचा प्राण कंठाशी आणला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल उगीच आदर वाटायला नको. तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते. गाडी चालवायचा परवाना पन्नाशीत काढला होता आणि तो पर्समध्ये अशा कप्प्यात ठेवत असे की सुटे पैसे काढताना समोरच्याला दिसलाच पाहिजे. आज ती बाई भेटली तर मी तिला चहा पाजीन, पण गाडीची किल्ली देणार नाही.

नात म्हणते, आजी, तू फिरलीस ते लिहून ठेव. लोक काशी-रामेश्वर लिहितात. मी नगर जिल्हा लिहिते. एकोणीसशे चौऱ्याण्णवचा हिवाळा होता, आणि बरोबर माझा धाकटा भाऊ दिनू.

दिनूनं सगळा जन्म पुण्यातल्या एका कारखान्याच्या वर्कशॉपात काढला. विशीत त्यानं कुठल्याशा जर्मन मासिकात एका टर्बो गाडीचं चित्र पाहिलं आणि ते फाडून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. लग्न झालं, मुलं झाली, टेबल बदललं, चित्र नव्या काचेखाली गेलं. वेळेआधीच निवृत्ती घेतल्यावर एका सकाळी पेपरातल्या छोट्या जाहिरातींत त्याला दिसलं : ‘जर्मन टर्बो स्पोर्ट गाडी, नारिंगी, विकणे. माणूस बघून देऊ.’ खाली पुणतांब्याचा पत्ता. चहा निवला तरी त्यानं पेपर खाली ठेवला नाही.

गावातल्या फोनवर बोलणं झालं. गाडीचे मालक म्हणाले, “लवकर या. मुंबईचा एक जन ऐतवारी येनार हाय. त्याला गाडी नगं, सुटे भाग पायजेत.”

म्हणजे रविवारनंतर ती गाडी गाडी राहणार नव्हती. आणि दिनूचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता, कारण दिवाळीची जळमटं काढताना तो स्टुलावरून पडला होता. गाडी चालवून बघायला घरात परवानाधारक एकच उरली. तिनं लगेच पर्स आवरली.

सुपा

एसटीचं सगळं सांगत नाही, ते तुम्हाला पाठ आहे. सुप्याला गाडी चहाला थांबली. तिथे नवे कारखाने उभे राहत होते, आणि टपरीवर डब्याच्या पिशव्या घेतलेले कामगार बसले होते. शेजारच्या एकानं विचारलं, कुठं निघालात. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, “टर्बो स्पोर्ट गाडी घ्यायला.”

त्यानं बशीतला चहा संपवला, मग म्हणाला, “टर्बो ट्रकला असतो, काकू.”

“कारलाही असतो,” दिनू म्हणाला, आणि टपरीवर एक छोटं व्याख्यान झालं. ते तुम्हीही ऐकून ठेवा, पुढे लागेल. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर वाया न घालवता त्यावर एक चक्री फिरवायची. त्या चक्रीनं इंजिनाच्या तोंडात जास्तीची हवा कोंबायची, की गाडी उधळते. चक्री तापून लालबुंद होते. तिला निववतं ते इंजिनाचं तेल, आणि तेल फिरतं ते इंजिन चालू असेपर्यंतच.

कामगारानं सगळं ऐकून घेतलं. “नगरच्या रस्त्यावर उधळून जाणार कुठं पण?” त्यानं विचारलं. दिनू चहाचे पैसे द्यायला उठला.

पुणतांबा

राहुरी सोडली की हवेला मळीचा वास लागतो. आमच्याकडे सकाळ दुधाच्या पिशवीनं कळते, तिथे कारखान्याच्या भोंग्यानं. रस्ताभर उसाच्या बैलगाड्या, आणि गाडीवान उसावरच आडवे होऊन झोपलेले. बैलांना वाट ठाऊक. पुणतांब्याला गोदावरी हिवाळ्यात अंग चोरून वाहते. घाटाच्या पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या आणि एक म्हैस पाण्यात बसून सगळ्यांवर लक्ष ठेवून होती.

मालकांना गाव आबा म्हणतं. उंच, धोतर, पांढरी टोपी, बोलण्यात घाई नाही. आम्ही पोचलो तेव्हा ते बैलांना कडबा टाकत होते. कडबा टाकून होईपर्यंत आमच्याकडे वळले नाहीत. पुण्यात याला तुसडेपणा म्हटलं असतं. तिथे कळलं की मुकं जनावर आधी, बोलणारं नंतर.

कांदे विकून रिकाम्या झालेल्या चाळीत गोणपाटांखाली गाडी उभी होती. आबांनी गोणपाट ओढलं तशी मागच्या सीटवरून एक कोंबडी उतरली आणि आमच्याकडे न बघता निघून गेली. बुटकी, रुंद, दोन दारांची, पिकल्या संत्र्याच्या रंगाची गाडी. दोन्ही आरशांना पोळ्याचं बेगड अजून चिकटलेलं होतं.

“पोळ्याला हिला पुरणपोळी दाखवली वाटतं,” मी म्हटलं.

“दावली की,” आबा म्हणाले. “खाल्ली न्हाई.”

गाडी त्यांच्या मुलाची, विलासची. तो जर्मनीत इंजिनिअर. कायमचं परतायचं ठरवून त्यानं गाडी आधी बोटीनं पाठवली, मागून स्वतः आला, वर्षभर राहिला आणि पुन्हा गेला. आता तिकडचाच झाला होता. फोनवर म्हणाला, विकून टाका. “गाडी पुढं आली, तो मागं गेला,” आबा म्हणाले. दर रविवारी ते स्वतः गाडीत बसून ती चालू करत, थोडा वेळ आवाज ऐकत आणि बंद करत. किल्ली ओसरीतल्या खुंटीवर असे, बैलांच्या दाव्यांशेजारी.

दिनूनं डाव्या हातानं बॉनेट उचललं. त्याचा चेहरा त्याच्या लग्नातही मी असा पाहिला नव्हता. वहिनी हे वाचणार आहे. तिलाही ते ठाऊक आहे.

आता भाव. त्या बाजूच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं टॉवेलखाली हात घालतात आणि बोटं दाबून किंमत सांगतात, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना पत्ता लागत नाही. आबांनी टॉवेल झटकला आणि दिनूचं प्लॅस्टर बघून थांबले. डावा हात सौद्याला चालत नाही. राहता राहिले मी, पण परक्या बाईचा हात टॉवेलखाली धरायला आबा तयार होईनात. शेवटी त्यांची बायको सोनाबाई पुढे आली, माझा हात तिनं आपल्या पदराखाली ओढला आणि माझी बोटं दाबायला लागली.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाई किती मायेनं हात धरतेय, असं मला वाटलं. मीही मायेनं पाची बोटांनी तिचा हात दाबला.

“जमलं,” सोनाबाईनं जाहीर केलं.

“किती?” दिनूनं घाबरून मला विचारलं. मला काय माहीत. सोनाबाईनं त्याच्या कानात सांगितलं तेव्हा त्यानं सुस्कारा सोडला. आवाक्यात होतं. आबा मात्र बायकोकडे जरा रागानंच बघत होते, म्हणजे तिलाही माया आली होती म्हणायची.

मग आबांनी रीत सांगितली. “सौदा झाला तरी जनावर एक दिस औताला धरून बघायचं. त्यात तुमच्या हातून लंगडं झालं तर तुमचं. आपसूक झालं तर माझं, मग सौदा मोडला. आन् दावं आमी देत नसतो. जनावर जातं, दावं घरी ऱ्हातं. नवं दावं घेनाऱ्यानं आनायचं.”

“गाडीला कुठलं दावं, आबा,” दिनू हसला. आबाही हसल्यासारखे वाटले.

औत म्हणून उद्या भंडारदऱ्याला जायचं ठरलं. धरणाकाठच्या शेंडीत त्यांची लेक शांता दिली होती. तिला पेरू पोचवायचे होते. रात्री बाजरीची भाकरी आणि काळ्या मसाल्याची आमटी. डोळ्यांतून पाणी आलं तरी वाटी पुन्हा पुढे केली.

विठ्याचा घाट

जर्मन गाडीचं चाक डाव्या बाजूला. म्हणजे मी रस्त्याच्या कडेला आणि पुढचं दिसायचं ते उजवीकडे बसलेल्या आबांना. उसाच्या गाड्यांना ओलांडताना ते डोकं बाहेर काढून सांगत, “थांबा... थांबा... बैल आला... आता चला, मोकळं हाय.” एकदा “मोकळं हाय” नंतर समोरून ट्रॅक्टर आला. “त्यो लांब हुता,” आबा शांतपणे म्हणाले. मागे दिनू पेरूंच्या करंड्यांमध्ये प्लॅस्टर सांभाळत बसला होता. गाडीचं पोट जमिनीला टेकेल इतकं खाली, त्यामुळे प्रत्येक गावच्या गतिरोधकाला दोन्ही पुरुष उतरायचे, गाडी रिकामी पलीकडे जायची, मग ते पुन्हा बसायचे. लोणीत तर पोरंठोरं, म्हातारे असे सगळे बघायला जमले. एक आजोबा म्हणाले, “मानसं चालत्यात आन् गाडी बसती, हे नवीन हाय.”

संगमनेरला चहा घेताना दिनूनं मला बजावलं. “ताई, थांबलीस की लगेच बंद करायची नाही. दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची. घाट चढल्यावर तर नक्कीच.”

“बरं,” मी म्हटलं. माझ्या नवऱ्याला मी ज्या आवाजात “बरं” म्हणत असे, त्याच आवाजात.

आता या नवऱ्याचा दोष थोडा सांगते, सगळा मीच का घेऊ. आमची फियाट होती. आखातातल्या लढाईनंतर पेट्रोल भडकलं तेव्हापासून आमच्या ह्यांनी मला एकच गोष्ट शिकवली : उतार आला की गिअर काढायचा, इंजिन बंद करायचं, गाडी आपोआप जाते. कात्रजचा उतार आम्ही तीन-चार वर्षं नि:शब्द उतरलो. पुण्यात असं करणारे आम्ही एकटे नव्हतो, दिवे लावलेल्या कितीतरी मुक्या गाड्या आमच्या मागेपुढे घरंगळत असत.

अकोले सोडलं आणि घाट लागला. उसाचा मुलूख मागे राहिला, दोन्हीकडे पिवळं गवत आणि काळे कडे. मी पाय दाबला. आधी काहीच झालं नाही. मग कुणीतरी पाठीला हात लावून ढकलावं तशी गाडी पुढे गेली आणि शीळ वाजायला लागली, बारीक, चढत जाणारी. वळणामागून वळण. माझ्या अंगावर काटा आला. आरशात बघितलं तर दिनूनं डोळे मिटले होते आणि तो ती शीळ ऐकत होता.

“हां,” आबा म्हणाले. “आता निगाली.”

माथा आला. पुढे रस्ता राजूरकडे सैल उतरत गेलेला दिसला. लांबलचक, मोकळा, कात्रजपेक्षा सुंदर उतार. माझ्या हातानं गिअर काढला आणि किल्ली फिरवली. माझ्या डोक्याला कुणी विचारलंच नाही.

शीळ तुटली. टायरांचा आवाज तेवढा राहिला.

“बंद पडली का?” आबांनी विचारलं.

“नाही, मी केली. उतारच आहे ना. पेट्रोल वाचतं.”

“लई हिशेबी बाई हाय,” आबा मागे वळून दिनूला कौतुकानं म्हणाले.

“ताई,” दिनू म्हणाला. एवढंच. त्यात काय होतं ते मला त्याच क्षणी कळलं. मी घाईनं ब्रेक दाबला तर तोही दगडासारखा. इंजिन बंद असलं की ब्रेकची मदत जाते, हेही तेव्हाच कळलं. कशीबशी कडेच्या गवतात गाडी थांबली. पुन्हा चालू केली तेव्हा शिळेच्या जागी खरखर आली आणि मागून निळा धूर. ढकलणारा हात गेला होता. धुरात आणि खरखरीत आम्ही बैलगाडीच्या वेगानं शेंडी गाठली.

शेंडी

दिनूनं शांताच्या अंगणात बॉनेट उघडलं, वाकून बराच वेळ पाहिलं. “चक्रीचं बेअरिंग गेलं,” तो म्हणाला. कशानं गेलं, ते म्हणाला नाही.

आबा जात्याच्या दगडावर बसले. “मग सौदा मोडला, दिनकरराव.”

“आबा, मी करीन दुरुस्त. तशीच द्या.”

“न्हाई. लंगडं जनावर पाव्हन्याच्या गळ्यात मारायचं न्हाई. मुंबईवाल्याला देतो. त्याला भागच पायजेत, त्याला लंगड्याचं काय न्हाई.”

दिनूनं बॉनेट खाली लावलं. “ताईनं केलं” एवढं म्हटलं असतं तर रीतीप्रमाणे गाडी त्याची झाली असती. पण परक्या अंगणात, पाहुण्यांसमोर, मोठ्या बहिणीचं नाव तो घेणार नव्हता. आणि मोठी बहीण काय करत होती? ती शांताला पेरू उतरवायला मदत करत होती, अगदी मन लावून.

“दादा, पेरू आणायला एवढी भारी गाडी?” शांता बापाला म्हणाली. कुणी हसलं नाही तेव्हा ती आत गेली आणि जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, आणि काळभात नावाच्या तिथल्या तांदळाचा भात, ज्याचा वास उंबऱ्यापर्यंत येतो. आमच्याकडे पाहुणा नको म्हणाला की वाढणं थांबतं. तिथे ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. मी दोनदा हात भाजून घेतला. दिनूनं एक भाकरी निम्मी ठेवली. पुढे पसरलेलं धरणाचं पाणी आणि पलीकडचा कळसूबाईचा डोंगर मी बघितला, पण काय बघितलं ते सांगता येणार नाही. रविवार परवावर आला होता.

सकाळी आबा पाण्याकाठी मिश्री लावत बसले होते. डोळे तांबारलेले. मी जाऊन शेजारी उभी राहिले. परवान्याची पर्स खोलीतच ठेवून गेले होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

“आबा, गाडी आपसूक नाही बिघडली.”

“मंजी?”

“चढण चढल्यावर चक्री तापलेली असते. लगेच इंजिन बंद करायचं नसतं, तिचं तेल थांबतं. दिनूनं मला संगमनेरला सांगितलं होतं. तुम्ही हिशेबी म्हणालात ना, त्यानंच गेली.”

त्यांनी तोंड धुतलं. पंच्यानं पुसलं. पुन्हा पुसलं.

“तुमच्या हातून झालं?”

“माझ्याच.”

“मग काल का न्हाई बोलला?”

“लाज वाटली.”

आबांनी पंचा खांद्यावर टाकला. “बाई,” ते म्हणाले, “दर ऐतवारी मीच चालू करायचो, मीच बंद करायचो. मला वाटलं माझ्याच हातानं पोराची गाडी गेली. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. त्याला फोनवर काय सांगू, ह्येच.”

मी जन्मात बऱ्याच वेळा गप्प बसले आहे आणि त्यातलं बरंचसं शहाणपणाचं होतं. त्या रात्रीचं मात्र नव्हतं.

आबा उठले, अंगणात गेले आणि मोठ्यानं म्हणाले, “दिनकरराव, उठा. जनावर तुमच्या बहिनीच्या हातून लंगडं झालं. तुमचं झालं.”

दिनू दारात आला. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि अनवाणीच अंगणात उतरला.

राजूरहून टेम्पो आणला. मी बाजारात जाऊन चांगलं जाडजूड नवं दावं घेतलं. दुकानदार म्हणाला, “बैल केवढाय?” मी म्हटलं, “बुटका आहे, पण नारिंगी.” गाडी फळ्यांवरून चढवली आणि माझ्या दाव्यानं आवळून बांधली. तेव्हा आबांनी आत वाकून किल्ली काढली आणि बंडीच्या खिशात टाकली.

“आबा, किल्ली?” दिनू म्हणाला.

“दावं देत नसतो,” आबा म्हणाले. ते परवा हसले नव्हते, हे आत्ता कळलं.

किल्लीशिवाय गाडी पुण्याला नेऊन काय करायचं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण दिनूनं त्या बंडीच्या खिशाकडे पाहिलं आणि मान हलवली. “राहू दे, आबा. मी दुसरी करून घेईन.”

आबा एसटीनं पुणतांब्याला निघाले. खिडकीशी बसले, मांडीवर पेरूंची रिकामी करंडी, आणि हात खिशात.

पुणे

दिनूचं प्लॅस्टर निघालं. त्यानं चक्री स्वतः उघडली, मुंबईहून बेअरिंग मागवलं, ते बसेना, दुसरं लेथवर घडवलं. किल्लीचं कुलूप बदललं. आंबे आले आणि गेले. मी अधूनमधून जाऊन बसायचे, तर तो मला कापसाचे बोळे धरायला लावी. घाटातल्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. मला वाटायचं, ओरड एकदाचा आणि मोकळा हो. नवं दावं त्याच्या घरच्या वर्कशॉपात खिळ्याला लटकत होतं. तेही काही बोलत नव्हतं.

एका सकाळी तो घरी आला आणि म्हणाला, चल. चाक त्याच्या हातात, मी आबांच्या जागेवर. कात्रज चढलो. शीळ वाजली, पहिल्यासारखी बारीक. माथ्यावरून वळून उतारानं परत आलो, इंजिन चालू ठेवून. मी माझे दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, कुठे जाऊ नयेत म्हणून.

त्याच्या दारात गाडी थांबली. दिनूनं ती बंद केली नाही. इंजिन गुरगुरत राहिलं. वहिनी खिडकीतून डोकावून गेली, शेजारच्यांचं कुत्रं येऊन चाकाचा वास घेऊन गेलं. दिनू घड्याळाकडे बघत होता. मग त्यानं हळूच किल्ली फिरवली, हात चाकावरच ठेवला, आणि माझ्याकडे न बघता, अगदी सहज विचारलं :

“ताई, त्या दिवशी पेट्रोल किती वाचलं गं?”